बॅलन्सचं बटण

कल्लाप्पा भंगारवाला किलोवर देतो.
काट्याच्या एका पारड्यात दीडशे सिनेमे,
दुसऱ्यात लोखंडाची दोन वजनं,
वर म्हणतो, "घे की बे, दोन फुकट घाल पिशवीत,
नाहीतर उद्या जोंधळ्यात पाखरं हाकलायला टांगतील."

मी उकिडवा बसून एकेक उन्हात धरतो.
चरा आतून बाहेर गेलेला असला तर चालतो.
चरा गोल असला की सिनेमा तिथंच फिरत राहतो.
दुसरी तबकडी हरवलेलेही घेतो:
घरी चाळीसेक सिनेमे आहेत मध्यंतरापर्यंतचे,
त्यात अजून कुणी मेलेलं नाही.

भाचा म्हणतो, मामा, सगळं फोनवर हाय की.
दाखवतो. खरंच सगळं आहे.
गेल्या मार्चात होता तो एक मात्र नाही.
"काढला असंल."
कुणी काढला, ते त्यालाही ठाऊक नाही.

तर ती नागिणीची सीडी.
वडगावात आमच्या बोळाच्या तोंडाशी दस्तगीरची लायब्ररी,
दिवसाला पाच रुपये, उशीर झाला तर रोज दोन वर,
खोक्याच्या पाठीवर त्याच्या हातचं अक्षर: पुसून परत देणे.
पुसली रोज. परत दिली नाही.
बावीस वर्षांचे सोळा हजार साठ होतात,
लीप वर्षं सोडून.

सिनेमा मूळचा कुठल्या तिसऱ्याच मुलखातला.
डाव्या डब्यातून मराठी, उजव्या डब्यातून कन्नड,
दोन्ही एकदम.
बटण फिरवून एक बंद करायचं असतं,
हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

माग थांबले की बोळात कान एकदम मोकळे व्हायचे.
आई डाव्या डब्याला टेकून, पुढ्यात कांड्यांची टोपली,
निंगव्वा उजव्याला, तिच्या मांडीवर मी
नाहीतर तिची शिवलीला, जो आधी पोचेल तो.
मधे बसलं तर नुसता गलका.
नागीण एकच शाप द्यायची, तो दोनदा लागायचा,
आणि ओठ दोन्हींशी जुळायचे नाहीत.
निंगव्वा आधी हसायची.
आई एक श्वास थांबून.
मला वाटायचं, आईला जरा उशिरा कळतं.

चित्राचे चौकोन होऊन सगळं अडकलं की
निंगव्वा आईकडं वळायची: "आमेल? आमेल एनाय्तु?"
आई म्हणायची, "मला काय म्हाईत,
माझ्याकडं पण एवढंच आलंय."

फोनवर तो सिनेमा एकदा सापडला होता.
आधी विचारलं: भाषा निवडा.
पाच नावं, प्रत्येकापुढं एक पोकळ गोल,
एकच भरता येईल असा.
मी बघत बसलो. बोट कुठंच टेकलं नाही.
थोड्या वेळानं फोन आपणहून काळा झाला.

आई नाही आता. निंगव्वा रबकवीला, लेकाकडं.
डाव्या डब्याचा कागद उंदरानं खाल्ला.
मिस्त्री म्हणाला, तीनशेत नवा बसवतो.
म्हटलं, बघू.

रात्री लावतो.
उजवीकडून कन्नड येतं, स्वच्छ, एकटं.
तेव्हा कळलं: ते विनोद कन्नडात आखूडच होते.
मराठीला तिथं पोचायला दोन शब्द जास्त लागत होते.

आता मी डाव्या डब्याला टेकून बसतो.
सगळं पाठ आहे.
नागीण तोंड उघडते, उजवीकडून शाप येतो,
डावीकडचा मी म्हणतो, हळू,
शेजारच्या खोलीत झोपलेल्यांना कळू नये इतपत,
दोन शब्द मागं.

मग पहिली तबकडी संपते. पडदा निळा.
दुसरी आहे. पुसून ठेवलेली आहे.
उठायला मी जरा वेळ लावतो.