कुठेतरी पाणी मुरतंय

हिशेब जुळेना की आमची आत्या
चष्मा पुसत, संशयानं म्हणायची:
कुठेतरी पाणी मुरतंय.
इथे, हल शहरात, मला पगार मिळतो
तेच आकड्यांनी सिद्ध करायचा.

बशीसारखं गाव. उतार म्हणून नाही.
थेंब पडतो आणि विचारात पडतो, जावं कुठे.
डांबर, फरशी, परत डांबर.
पालथा घडा म्हणतात तो हाच.
म्हणून आम्ही फुटपाथ उकरून
तेवीस खोलगट वाफे केले,
तळाला खडी, वर रेताड माती, तीत लव्हाळी,
आणि प्रत्येक वाफ्यात एक उभी नळी.
नळीतलं बोटाएवढं यंत्र
दर पाच मिनिटांनी कळवतं
पाणी किती चढलं, किती वेळात उतरलं.

सात नंबरचा वाफा सगळ्यात गुणी.
ऑक्टोबरभर शून्य. नोव्हेंबरभर शून्य.
मी त्याच्यापुढे हिरवा ठिपका दिला.

मग एव्हरिल स्टॅदर्स यांचा फोन आला.
"बाई, तुमचा सात नंबर खोटं बोलतोय."

गोदीवर मासे कापण्यात हयात गेलेली बाई.
दोन हजार सातच्या जूनमध्ये यांच्या घरात
पाणी दारातून आलंच नाही,
फळ्यांच्या फटींतून वर आलं, न विचारता, न आवाज करता.
मग चौदा महिने अंगणातल्या कॅराव्हॅनमध्ये.
तेव्हापासून फाटकापुढच्या डबक्यात
ही बाई विणायची सुई बुडवते.
सुईवर नेलपॉलिशच्या लाल खुणा,
वहीत पेन्सिलनं तारीख, वेळ, कितवी खूण.
माझ्या दोन शून्य महिन्यांत
त्यांच्याकडे अकरा नोंदी.

पुढच्या पावसात पहाटे सहाला
मी कडेला गुडघे टेकून बसले.
पाणी रस्त्यानं आलं,
वाफ्याच्या तोंडाशी थबकलं,
आणि ओळख नसल्यासारखं पुढे निघून गेलं,
सरळ स्टॅदर्स बाईंच्या फाटकाकडे.
तोंडात पानांचा लगदा, कचकच,
माशा-चिप्सचा एक चेपलेला डबा.

यंत्र खोटं बोलत नव्हतं.
ते दोन महिने सांगत होतं, माझ्याकडे कुणी येत नाही.
मी ऐकलं, सगळं ठीक आहे.

हातमोजे गाडीत राहिले होते.
उघड्या हातानंच उपसलं.
आधी एक घोट गेला आत, मग धार.
मोबाइलवर चार सेंटिमीटर, अकरा, एकोणीस.
इतकी वर्षं पाणी चढताना बघून
मी पहिल्यांदाच हसले असेन.
बाई छत्रीखाली उभ्या, नाइटगाउनवर रेनकोट,
हातात सुई, मनगटावर घड्याळ.

अहवालात मी एक स्तंभ वाढवला: सुई.
ऑफिसनं विचारलं, हे उपकरण प्रमाणित आहे का?
मी लिहिलं, चौदा महिने कॅराव्हॅनमध्ये.
उत्तर अजून आलेलं नाही.

रात्री साडेनऊला फोन.
"उतरलं?"
उतरतंय, म्हटलं. सहा सेंटिमीटर. आता पाच.
जातंय कुठे, त्यांनी विचारलं.
खाली, म्हटलं. मुरतंय.
बराच वेळ दोघी गप्प. त्यांच्याकडे टीव्ही चालू होता.
"बरं," त्या म्हणाल्या,
"तरी सुई मी दाराशीच ठेवते."