केळ

भरमाण्णा सांबरेकर, माझा मामा, वय शहात्तर.
वडगावात चार माग होते, आता एकच, तोही झाकलेला.
दर एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत,
आणि ती फीतही स्वतःच शिवायचा, दुहेरी टीप घालून.
मार्चमध्ये एका पहाटे
त्याच्या मेंदूत डाव्या बाजूला
पावशेर अंधार सांडला.
शुद्धीवर आला तेव्हा मराठी गेली होती.

सगळी. शिव्यांसकट.
उरलं होतं कानडी,
तेही बाजारातलं नाही, कचेरीतलं तर नाहीच,
चार वर्षांच्या पोराचं:
नीर कोडु. साकु. अव्वा यल्लि?

मी खानापुरात जीवशास्त्र शिकवतो.
फळ्यावर वाटाणे काढतो, गोल आणि सुरकुतलेले.
गोल मिरवतो, सुरकुतलेला दबून राहतो,
नातवंडांत कधीतरी डोकं वर काढतो.
पोरं विचारतात, सर, टक्कल? सर, डावखुरेपणा?
मागच्या बाकावरून एकानं विचारलं, सर, भाषा?
भाषा रक्तात नसते रे, म्हणालो,
आणि घंटा झाली.

घरात तीन निदानं.
मामी म्हणते, सौंदत्तीचा नवस राहिलाय, ब्याऐंशी सालापासून.
शेजारचे मुचंडीकर म्हणतात, कुणीतरी केलंय.
मामाचा मुलगा काहीच म्हणत नाही,
भेटायला आलेल्या कार्यकर्त्यांना
दारातूनच सांगतो, झोपलेत.

डॉक्टर हुक्केरींनी फिल्म उजेडाला धरली.
दोन भाषांची दोन गावं नसतात मेंदूत, म्हणाले,
एकाच गल्लीत असतात दोघी, भिंतीला भिंत लावून.
एकीची लाईट जाते, दुसरीची राहते, कधी कधी.
का, ते आम्हालाही नक्की माहीत नाही.

त्या 'नक्की माहीत नाही'वर
माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला.
आणि तरी निघताना
यल्लम्माच्या भंडाऱ्याची पुडी
मीच मामाच्या उशीखाली आत सारली,
नर्सला दिसू नये म्हणून.

मग एके दिवशी तो म्हणाला, केळ.
पुन्हा म्हणाला, केळ.
मराठी आली! मामीनं तिथंच हात जोडले.
डझनभर वेलची केळी आली.
त्यानं तोंड फिरवलं.
दुसऱ्या दिवशी राजापुरी आणली, सोलून, कुस्करून.
केळ, तो ओरडला, डोळ्यांत पाणी.
तिसऱ्या दिवशी फरशी पुसणारी फकीरव्वा
फडकं पिळता पिळता हसली,
"हण्णु नव्हं ओ सर,
त्येनी 'ऐक' म्हणूलालेत."

ऐक.
चार दिवस माणूस ऐक म्हणत होता
आणि आम्ही त्याला फळ चारत होतो.

त्याची आई बैलहोंगलकडची.
माझी आई जन्मली त्याच रात्री ती गेली.
फोटो नाही. नाव मला मामीला विचारावं लागलं: गौरव्वा.
पेशीतलं वीजघर फक्त आईकडून येतं,
हे मी दरवर्षी शिकवतो, दोन मार्कांना असतं.
म्हणजे माझ्या पेशीपेशीत
गौरव्वाची चूल अजून पेटलेली,
आणि तिचा एकही शब्द माझ्याकडे नाही.
शब्द याच्याकडे.
बहात्तर वर्षं फितीखाली, घोषणांखाली,
मागाच्या खटखटीखाली
मुकाट बसून राहिलेले.
त्यांना रक्तात जागा नव्हती, मग कुठं राहिले?
मागच्या बाकावरच्या, तुझं उत्तर चुकलं माझं,
किंवा बरोबर होतं आणि अपुरं.

मी स्टूल पुढं ओढलं.
हं मामा, केळतो.
तो बराच वेळ बोलला. विहिरीचं काहीतरी होतं,
आणि एक शेळी, बहुतेक मेलेली.
निम्मं कळलं नाही.
मी मध्ये मध्ये हौदु म्हणत राहिलो,
आयुष्यात पहिल्यांदाच, ओशाळून, हळू आवाजात.

दारात त्याचा मुलगा येऊन उभा होता
केव्हाचा,
हातात केळ्याचं साल,
ते कुठं टाकावं हे न सुचून.