चार बोटं

पहिल्यांदा फणसे सरांनी तो तुकडा तळहातावर ठेवला
तेव्हा हाताला कळलंच नाही काही ठेवलंय म्हणून.
निळसर.
चुलीवरचा धूर कुणी वडीसारखा कापावा, तसा.
खाली बर्नर, वर झेंडूचं फूल,
मध्ये हा, बोटभर जाड.
फूल कोमेजायचं नाही.
पाहुणे आले की आम्ही हेच दाखवायचो.
टाळ्या व्हायच्या, चहा यायचा, पाहुणे जायचे.
संध्याकाळी ते फूल मी दांडिया बाजारात घरी न्यायची.
आई देवाला वाहायची नाही,
म्हणायची, विस्तवावरून उतरलेलं ते,
ठेव तिकडे कुंडीत.

शंभरात अठ्ठ्याण्णव भाग हवा,
उरलेले दोन म्हणजे, म्हटलं तर, वाळूच.
मकरपुऱ्याचे एक शेठ आले होते,
त्यांनी विचारलं, यात विकायचं काय?
आणि चिमटीत धरून पाहिला.
चिमटीत चिमूटभर पूड उरली.

पुढची तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत.
रात्रभर टाकी दाबाखाली,
सकाळी झाकण काढावं तर आत
मे महिन्यातलं तळं, भेगाच भेगा.
पूड उडायची, ओठांतलं पाणी पिऊन टाकायची.
खोबरेल लावा, तूप लावा,
बोटं आपली खरखरीत.
मुलगी बघायला आलेल्या एका बाईंनी
माझा हात हातात घेतला
आणि सोडला.

मग हुसेनाबेन आल्या.
पाणीगेटला गाद्या शिवायच्या,
वॉचमनच्या शेजारीण, त्याचा डबा द्यायला आलेल्या.
काचेच्या कपाटाशी थांबल्या.
"आखो केम राखो छो?"
अख्खा कशाला ठेवता?
कापूस कुणी अख्खा पांघरतं?

दोन दिवस आम्ही हसलो.
तिसऱ्या दिवशी काचेच्या तंतूंची चादर आणली,
ओलं असतानाच तिच्यात भिनवलं,
मग टाकीत, मग रात्र.
सकाळी निघालं ते मळकट पांढरं,
वाकतंय, दुमडतंय,
स्टेशनवरच्या घोंगडीसारखं.
निळाई कुठे गेली कुणी विचारलं नाही.
फणसे सर बराच वेळ खिडकीपाशी उभे होते.
मग म्हणाले, मीटरला किती पडेल?

कडेनं पूड गळायची, तेही हुसेनाबेननीच थांबवलं,
दुहेरी टीप, पाव इंचावर,
तोंडात सुई धरून, आमच्याकडे न बघता.

पादऱ्याच्या वाटेवर रंगाचा कारखाना आहे,
तिथली वाफेची नळी आम्ही पहिल्यांदा गुंडाळली.
आत एकशे साठ अंश.
बॉयलरवर रामसिंग राठवा,
कोपरापासून मनगटापर्यंत जुने डाग,
प्रत्येकाची तारीख त्याला पाठ.
त्यानं हात ठेवला. काढला.
परत ठेवला, ठेवूनच राहिला.
मी कॅमेरा काढला, आता हसेल म्हणून.

"मारो रोटलो?"

अकरा वर्षं तो डबा ह्याच नळीवर ठेवत होता.
सकाळी सातला मक्याचा रोटला, उडदाची डाळ,
एक वाजता वाफाळतं.
आता नळी गार, डबा गार,
आणि आम्ही चार पदव्या घेऊन
त्याच्यासमोर उभे.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
विश्वामित्रीच्या पुलावर सर म्हणाले,
चार बोटं उघडी ठेवली तर?
मी हिशोब केला.
वर्षाला इतका इतका कोळसा वाया.
आकडा अहवालात लिहिला, आणि समोर कारण:
तपासणीसाठी राखीव जागा.

हुसेनाबेननी त्या जागेला झडप शिवली,
दोन काजं, दोन पितळी बटणं,
दुलईला असतात तशी.
साडेबाराला उघडायची, दीडला लावायची.

आता ती घोंगडी बऱ्याच नळ्यांवर आहे.
बघून कुणी टाळ्या वाजवत नाही,
लोक तिला टेकून उभे राहतात, फोनवर बोलतात.
पादऱ्याकडे गेलात तर एकच्या सुमारास जा.
रामसिंग अर्धा रोटला मोडून देतो,
वर लसणाची चटणी.
जपून घ्या,
मध्ये चांगलाच गरम असतो.