पट्ट्या

कोपरखैरणे, सेक्टर सात. खाली झेरॉक्सचं दुकान,
वर टेंबवलकर सरांचा क्लास.
सर फळा डस्टरनं नाही, तळहातानं पुसतात,
त्यामुळे आमचं प्रत्येक नवं गणित
आदल्या गणिताच्या धुक्यात सुरू होतं.

दहावीपर्यंत मी मराठीत मोजत होते.
चल, छेद, पाया, लंब.
मग एका जूनमध्ये सगळ्यांची नावं बदलली
आणि मी वर्षभर मनातल्या मनात ओळख पटवत बसले,
सासरी नाव बदललेल्या मैत्रिणींची पटवावी तशी.
आत्या म्हणाली होती, गणित सोड, बायो घे, नर्स तरी होशील.
मी बायो सोडलं.
बेडूक आता खाजणातसुद्धा दिसत नाहीत.

बारावीला इंटिग्रेशन आलं.
सर म्हणाले, वाकड्या रेषेखालचं क्षेत्रफळ कोणी देत नाही,
ते कापून घ्यावं लागतं. उभ्या पट्ट्या पाडा.
पट्टीचं डोकं सपाट, रेषेचं वाकडं,
मध्ये उरतो तो तुमचा खोटेपणा.
पट्टी बारीक करा, खोटेपणा कमी होईल.
पहिल्या बाकावर अर्शद हसला.
मला आमचा बांध दिसत होता.

म्हणजे मी कधीच न पाहिलेला बांध.
गोठिवलीच्या पश्चिमेला, उघाडीपासून खाडीच्या वळणानं गेलेला,
जिथं पप्पा लहानपणी चिंबोऱ्या धरायचे,
जिथं आता सात मजले आहेत आणि तळाला केक शॉप.
मोजणी झाली तेव्हा आजोबांनी अंगठा दिला: एकोणतीस गुंठे.
पप्पा म्हणतात चौतीस.
रबाळ्याहून तिसरी पाळी करून आले की म्हणतात,
जेवताना म्हणतात, हळदीत म्हणतात,
साडेबारा टक्क्यांचा विषय निघाला की हमखास:
नकाशात वळण काढलं, हिशेबात सरळ धरलं.
जमिनीचं पोट खाल्लं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी ट्रंकेतून नकाशा काढला.
साडीच्या पिशवीत होता, घडीवर फाटलेला.
खिडकीच्या काचेवर धरून आलेखाच्या कागदावर उतरवला.
एक सेंटीमीटरला दहा मीटर.
अर्ध्या सेंटीमीटरच्या अठरा पट्ट्या,
प्रत्येकीची उंची मध्यावर, दोनदा मोजून.
बेरीज, गुणाकार,
भागिले एकशे एक पूर्णांक सतरा.
अठ्ठावीस पूर्णांक नऊ.

पुन्हा केलं, या वेळी खाडीच्या बाजूनं.
अठ्ठावीस पूर्णांक नऊ.
तिसऱ्यांदा करताना लक्षात आलं
की मी आता मोजत नव्हते,
मागत होते.

पप्पा बुटाची नाडी सोडत होते.
मी सांगितलं. वळण धरलेलं होतं. सगळं धरलेलं होतं.
मला वाटलं चिडतील,
किंवा म्हणतील, कॉलेजातलं कॉलेजात ठेव.
त्यांनी कागद घेतला, आधी उलटा, मग सुलटा.
बोटानं उघाडी शोधली.
तिथं माझी एकच पट्टी होती, सातवी.
तिच्या सपाट डोक्यावर अंगठा ठेवून
बराच वेळ बसले.

"पट्टी केवरी घेतलीस?"
"अर्धा सेंटीमीटर. म्हणजे जमिनीवर पाच मीटर."
"पाच मीटरात," पप्पा म्हणाले,
"मी आनि तुजा काका आडवे झोपायचो. उशाला कुत्रा."
मग एक बूट पायात तसाच ठेवून:
"आजून बारीक काप."

कितीही बारीक केलं तरी आकडा कुठे जाऊन थांबणार
हे मला माहीत आहे,
साधारण.
मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.