निळ्या शाईने

फॉर्म चार पानांचा आहे. तिसऱ्या पानावर
तीन चौकोन: अतिदक्षता, नवजात, मूत्रपिंड.
एकातच खूण करायची, निळ्या शाईने.
चौथा चौकोन छापलेला नाही,
तो बद्रिया मॅडम तोंडी सांगतात:
"इन्चार्ज हो. खुर्ची मिळेल, शुक्रवार मोकळे मिळतील."

लिसम्मा म्हणते, सोड सगळं, आयर्लंडला चल.
मिरजेहून अविनाश विचारतो, "अजून शिकायचंच का?"
मग स्वतःच गप्प होतो
आणि टाकीत पाणी किती वाजता आलं ते सांगतो.

खुर्ची नको असं नाही. टाचा दुखतात.
एक्केचाळिसाव्या वर्षी मस्कतला
दर आठवड्याला जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर,
बसमध्ये मांडीवर पुस्तक, बाहेर
एकाच रंगाचे डोंगर.
आणि उद्या परत गेले, तर ही पदवी
कुठल्या कपाटात ठेवायची?
तिकडे सिस्टर ती सिस्टरच.

पण रमजानमधली ती रात्र.
मरहून नावाची बाई, सात नंबरची खाट,
मॉनिटरवरच्या रेघा एकाएकी
तंबूच्या टोकांसारख्या उभ्या राहिल्या.
काय द्यायचं, किती, किती सावकाश,
सगळं माहीत होतं मला.
औषध हाताशी. कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला.
फक्त सही माझी चालत नव्हती.
डॉक्टरांनी फोन उचलेपर्यंत अकरा मिनिटं.
बाई वाचली. सगळे म्हणाले, छान झालं.
ती अकरा मिनिटं मी कुठल्याच रजिस्टरात
जमा केली नाहीत.
अजून माझ्याकडेच आहेत.

आज सकाळी पहिल्या पाळीला मुराद अल बलुशी.
चाळीस वर्षं जाळं ओढलेला डावा हात,
त्यात आता आम्ही जोडून दिलेली शीर,
भिजल्या दोरासारखी फुगलेली.
तिच्यावर बोटं ठेवली की गुणगुणते,
काडेपेटीत भुंगा कोंडल्यासारखी.
पुस्तकात याला मोठं नाव आहे. नवीन मुलींना मी
आधी भुंगा ऐकवते, नाव मागाहून.

आज भुंगा बारीक आहे.
कोपराच्या वर कुठेतरी वाट अरुंद झालीय.
मशीन अजून काही म्हणत नाही, आकडे बरे आहेत,
मुराद विचारतो, सिस्टर, काय ऐकू येतंय?
त्याच्या गावात म्हणे वारा बदलण्याआधी
म्हातारे असेच कान देऊन बसत.

"थांबा जरा," मी म्हणते. परत ऐकते.
मग वहीत लिहिते:
६.४०. डॉक्टरांना कळवले.
कळवले. कळवले. सोळा वर्षांच्या वह्या
याच एका क्रियापदाने भरल्यात.

पेन निळंच आहे.
घडी केलेला फॉर्म खिशात,
तिसरं पान बाहेरच्या बाजूला.
मुरादच्या दंडावर मी फुली मारते,
इथे, अगदी इथे,
आणि टोपण हातातच राहतं.