आडनावं

सोळा एमबी.
त्यातले बारा त्याच्या स्वतःच्या पोटाला.
उरलेल्या चारात पासवर्ड, घड्याळ,
आणि आम्हा नऊ जणांच्या फोनची हजेरी.
फहाहीलला जुन्या मालाच्या दुकानातून
अडीच दिनारला आणलेला राउटर,
एक अँटेना चिकटपट्टीच्या आधाराने उभी.

यादी मात्र दोन लाख नावांची.
जुगार, झटपट कर्ज, अभिनंदन तुम्ही जिंकलात,
आणि थंगराजचे सत्तर दिनार घेऊन गेलेली ती बाई,
जी बहुधा बाई नव्हतीच.

यादी काही शिरेना.
सातार्डेकर म्हणाला, सुट्टीवर जाताना बॅगेचं करतोस तसं कर.
खोकी फेक, माल तेवढा घे.

शुक्रवारी बसलो,
मुश्ताक नमाजाला गेला तेव्हापासून
तो बिर्याणीचं पार्सल घेऊन येईपर्यंत.
आधी दुबार नावं काढली, मग मेलेली.
मग कळलं, ही नावं मागून वाचायची असतात:
शेवटी आडनाव, त्याआधी बाप, सगळ्यांत पुढे पोर.
एकाच बापाची चार हजार पोरं,
नुसते नंबर लावून सोडलेली!
पोरं खोडली. बाप ठेवला.
घराण्यालाच बंदी.
दोन लाखांचे एकतीस हजार झाले.

तेही वहीत नाही, पाटीवर.
खोडून खोडून वहीचं पान फाटतं,
आणि या डबड्याला दुसरी वही नाही.
पाटी लाईट गेली की पुसते. पुसू दे.
लाईट आली की तो आधी यादी मागवतो,
मग आम्हाला दार उघडतो.
ऑगस्टातली ती दोन मिनिटं
नऊ जण एसीखाली माना वर करून.

आठ दिवस शांतता.
नवव्या दिवशी खेडहून मुश्ताकच्या बहिणीने
वडिलांच्या छातीच्या फोटोची लिंक पाठवली.
पांढरं पान.
पुन्हा दाबलं. पांढरं पान.
ती लॅब, शोधता शोधता सापडलं,
मी अडवलेल्या एका बापाच्या घरात
भाड्याने राहत होती.

मुश्ताक चिडला नाही.
चहा ओतता ओतता म्हणाला,
पहिल्यांदा आलो तेव्हा विमानतळावर साडेसहा तास बसवलेलं.
त्यांच्या यादीत कुणी दुसरा मुश्ताक परकार होता.
बापाचं नाव निराळं.
ते त्यांनी अगदी शेवटी वाचलं.

मी लॅबचं नाव लिहिलं, पोरासकट, पूर्ण,
सोडायचं म्हणून.
आणि ही एक ओळ पाटीवर नाही,
वहीत.
तेवीस अक्षरं. जागा होती.

फोटो उघडला.
नऊ जण वाकून बघत राहिलो,
कळत कुणालाच नव्हतं.
सातार्डेकर एसीचा मेकॅनिक, तोच बोलला:
काळं दिसतंय ना, ती हवा.
हवा आहे आत.