वाजवी विनंती

शोधनिबंधाच्या शेवटी, आभारांच्या वर,
मी एक ओळ टाकून ठेवली होती :
'वाजवी विनंती केल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल.'
सगळेच टाकतात.
दारावर सुस्वागतम लिहून आतून कडी लावावी, तसं.

सहा वर्षं कुणी कडी वाजवली नाही.
मग मंड्याहून मेल आली, भारती नंजप्पा,
तिकडच्या गुळावर काम करते,
तुमचं कोष्टक तीन बघितलं म्हणाली,
मूळ नोंदी मिळतील का?

मूळ नोंदी म्हणजे
दोन शंभरपानी वह्या,
पानं काकवीनं एकमेकांना धरून बसलेली.
चहाच्या वाफेवर धरून एकेक सोडवली.
चारशे सहा आदणं. तारीख, वेळ, भेंडीचं पाणी किती,
काहील उतरवली तेव्हाचं तापमान.
अक्षर तातोबा बेनाड्यांचं. वडणग्याचे गुळवे.
निबंधात ते 'स्थानिक कारागीर' होते.
आदरार्थी नव्हे, नुसतंच अनेकवचन.

आकडे भरत रांग दोनशे बाराला आले
आणि थांबले.
एकशे अठरा. एकशे अठरा. साडेसतरा. एकशे अठरा.
दोनशे बावन्नपर्यंत असंच.
अलीकडे-पलीकडे आकडे जाळासारखे वरखाली,
इथेच विहिरीचं पाणी.
तेव्हा एका परीक्षकानं लिहिलं होतं :
'मोजमापातले सातत्य उल्लेखनीय.'
ते वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं होतं,
दोनदा.

शिवाजी पूल ओलांडून वडणग्याला गेले.
गुऱ्हाळ बंद. पत्रे उतरवलेले.
काहील पालथी, तिच्यावर कोंबड्या.
तातोबांनी आधी वही हातातच घेतली नाही.

'थर्मामीटर फुटला हुता, मॅडम.
जाळव्याच्या पोराचा धक्का लागला.
तुमी म्हणाला हुता, म्हागाचा हाय, जपा.
मग भ्यालो.
बोटानंच बगत गेलो,
पाण्यात गोळी कशी धरतीया त्येवरनं.
तुमच्या काचंत किती आलं आसतं
त्ये ठावं हुतंच की.'

आणि नंतरचा थर्मामीटर?
'शाहूपुरीतनं आणला. पदरचा.'

घरी आले. एकेचाळीस रांगा काळ्या केल्या,
डिलीटवर बोट ठेवलं.
सरासरी हलत नव्हती,
पण आलेख विस्कटत होता.
खरं तर आलेखातला तेवढाच भाग
मला मनापासून आवडायचा.

शेवटी एक स्तंभ वाढवला. साधन.
तीनशे पासष्ट रांगांत : थर्मामीटर.
एकेचाळिसांत : बोट.
डेटाभांडाराच्या अर्जात निर्माता दोन असतात
हे तोवर मला ठाऊकच नव्हतं.
संस्थेच्या चौकटीवर लाल तारा, रिकामी सोडता येईना.
लिहिलं, बेनाडे गुऱ्हाळ, वडणगे, सध्या बंद.
यंत्रानं ते निमूट घेतलं.

नियतकालिकाला शुद्धिपत्र पाठवलं.
संपादकांचा प्रश्न आला :
'बोट' या साधनाची त्रुटीमर्यादा काय?
तातोबांना फोन लावला.
'चुकलं की भाजतंय,' म्हणाले,
आणि म्हशीला कुणीतरी सोडलं म्हणून ओरडत गेले.
मी संपादकांना कळवलं : माहीत नाही.
असं उत्तर मी पहिल्यांदाच छापायला देत होते.

भारतीचा निबंध पावसाळ्यानंतर आला.
संदर्भसूचीत वरून चौथी नोंद आमची.
'बेनाडे, ता.' आणि मग मी.
प्रिंट काढून नेली. तातोबांनी चष्मा पुसला,
ओळ बोटानं शोधली. तेच बोट.
'आडनाव फुडं का?'
तशी रीत आहे म्हटलं.
'आन् नाव निस्तं ता.?'
कागद उलटून मागे बघितलं,
उरलेलं नाव तिथं असेल म्हणून.